नामिबियातली शिकार सफारी : सामान, तयारी आणि काटेरी रानातले दिवस

निघण्याआधी

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला मावसभाऊ, टेक्ससमध्ये स्थायिक आहे. तिथे तो दर हिवाळ्यात रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. नामिबियात कुडू आणि गेम्सबॉक या तिथल्या मोठ्या हरणांची शिकार ठरवल्यावर त्याने मला पुण्याला फोन केला. "तू ये गं. बंदूक नको धरूस, कॅमेरा धर. पण ये." शिकाऱ्याबरोबर असा पाहुणा नेता येतो. त्याला तिथे ऑब्झर्व्हर म्हणतात, आणि त्याचा दर शिकाऱ्याच्या मानाने बराच कमी असतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं मला वाटतं. मग दुसऱ्या देशात जाऊन ती बघायची का, यावर मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं, की मत बनवायचं तर जवळून बघून बनवावं.

दादाची तयारी माझ्या कितीतरी महिने आधी सुरू झाली होती, आणि ती सामानाची नव्हती. शूटिंग रेंजवर बहुतेकजण टेबलावर बंदूक टेकवून नेम धरतात. आफ्रिकेच्या रानात टेबल कुठून येणार? तिथे ट्रॅकर, म्हणजे जनावराचा माग काढणारा, तीन काठ्यांची तिवई पुढ्यात उभी करतो आणि तुम्ही उभ्याउभ्या, धापा टाकत, तिच्यावर बंदूक ठेवून काही क्षणांत गोळी झाडायची असते. म्हणून दादा तशीच तिवई घेऊन सराव करत होता. आधी थोडं पळायचं, मग नेम. दुसरा अभ्यास प्राण्याच्या शरीराचा. गेम्सबॉकचं काळीज छातीत बरंच खाली आणि पुढच्या पायांच्या रेषेत असतं. टेक्ससच्या हरणाला खांद्याच्या मागे नेम धरायची सवय असलेल्या माणसाची गोळी इथे मागे लागते, जनावर जखमी होऊन निघून जातं. दादाने त्याची चित्रं कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवली होती.

माझी तयारी म्हणजे नवे बूट पायात घालून रोज तळजाईची टेकडी. बूट घरीच मळून, मऊ करून न्यायचे, ही एक गोष्ट कुणी काहीही सांगितलं तरी टाळू नका.

आता सामान. आफ्रिका म्हणजे ऊन, ही समजूत आधी डोक्यातून काढा. जुलै हा तिथला ऐन हिवाळा. मध्य नामिबियाचं पठार समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे. पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो आणि दुपारी वीस-बावीस अंशांचं छान ऊन पडतं. तुम्ही त्या पहाटेच्या गारठ्यात उघड्या गाडीच्या मागच्या फळीवर बसलेले असता. कानटोपी, मफलर, हातमोजे, लोकरीचे मोजे आणि एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे घ्या.

रंग मातकट. खाकी, तपकिरी, सुक्या गवतासारखा. पण रंगापेक्षा आवाज महत्त्वाचा, हे दादाने मला फोनवर तीनतीनदा बजावलं. दुकानात जॅकेट घेताना बाह्या एकमेकांवर घासून बघायच्या. सळसळ आली तर ते जॅकेट तिथेच ठेवायचं. ट्रेकिंगचे बहुतेक विंडचीटर यात बाद होतात. खिशाला वेल्क्रो नको, बटण हवं. सुती किंवा फ्लीस उत्तम. जाड सुती पँट काट्यांनाही पुरून उरते. पोटरीला बांधायचे गेटर घेतले नाहीत तर गवताची कुसळं मोज्यात शिरून दिवसभर टोचतात.

कपड्यांचे तीन जोड भरपूर झाले, कारण शिकारीच्या मुक्कामाच्या फार्मवर रोज कपडे धुऊन मिळतात. दुर्बीण मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी, ऑब्झर्व्हरचीसुद्धा. आठ किंवा दहा पटींची, आणि गळ्यात लोंबणाऱ्या पट्ट्याऐवजी छातीशी घट्ट राहणाऱ्या पट्ट्याची.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. नामिबियात भिंतीवरचे सॉकेट जाड गोल पिनांचे असतात. आपल्या गीझरच्या किंवा एसीच्या प्लगसारखे. महागडा युनिव्हर्सल अडॅप्टर बऱ्याचदा तिथे बसतच नाही. मी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सोळा अँपिअरचा प्लग लावलेला एक एक्स्टेंशन बोर्ड करून घेतला आणि शेवटपर्यंत सगळ्यांचे फोन त्यावर चार्ज झाले.

विंडहुक

मी अदिस अबाबामार्गे विंडहुकला, नामिबियाच्या राजधानीत, गेले. त्यासाठी पीतज्वराची लस आधीच घेऊन ठेवली होती. ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला आता आयुष्यभर चालतो. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. देशाच्या उत्तर भागात धोका जास्त असतो आणि हिवाळ्यात तो कमी होतो.

दादा फ्रँकफर्टहून आला. तो आला, त्याची बॅग आली, बंदूक आली नाही. विमान बदलताना ती पेटी मागेच राहिली होती. विमानतळावर पोलिसांचा एक काउंटर असतो, तिथे शिकारी आपल्या बंदुकीचा तात्पुरता आयात परवाना करून घेतात. अमेरिकेतून निघताना तिथल्या कस्टम्सकडून बंदुकीच्या नोंदीचा कागद आणावा लागतो, तो दादाजवळ होता. पण दाखवायला बंदूकच नाही! काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. पेटी आल्यावर मालकाने स्वतः येऊन परवाना घ्यायचा, तोवर ती कुलपात राहील.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. पण त्याची हातातली पिशवी नीट भरलेली होती. दुर्बीण, औषधं, एक पूर्ण जोड, सगळे कागद त्यातच होते, आणि बूट पायात. बंदुकीशिवाय दुसऱ्या दिवशी रानात उतरायला तो तयार होता. तुमचीही हातातली पिशवी अशीच भरा. गोळ्या मात्र कायम चेक-इनच्या सामानात, वेगळ्या कुलूपबंद डबीत, पाच किलोच्या आत.

उत्तरेकडे

सकाळी आमच्या फार्मचा मालक स्वतः घ्यायला आला. जर्मन बोलणाऱ्या नामिबियन घराण्यातला हा उंच, कमी बोलणारा माणूस. नामिबियात परदेशी शिकाऱ्याला नोंदणीकृत व्यावसायिक शिकारी बरोबर असल्याशिवाय शिकार करता येत नाही, आणि इथे तो मालकच.

ओकाहांजा गाव मागे पडलं की रस्ता सरळच्या सरळ ओत्जिवारोंगोकडे जातो. दोन्हीकडे काटेरी झुडपं, मध्ये वाळवीची माणसापेक्षा उंच वारुळं, सगळी एकाच दिशेला किंचित झुकलेली. रस्त्याकडेला रानडुकरं गुडघे टेकून गवत खात होती. गाडीत मी मालकाला सरळ विचारलं, की हे सगळं नसतं तर या जमिनीवर काय असतं? "गुरं," तो म्हणाला. "आणि हरणं गुरांचं गवत खातात म्हणून मारली गेली असती. माझ्या आजोबांच्या वेळी तसंच होतं."

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या कायद्याने शेतमालकाला त्याच्या जमिनीवरच्या काही वन्यप्राण्यांचा उपयोग करण्याचा हक्क दिला, आणि खाजगी शेतांवर हरणांची संख्या वाढत गेली. स्वातंत्र्यानंतर, १९९६च्या दुरुस्तीने, तोच हक्क सामाईक जमिनीवर राहणाऱ्या गावांना मिळाला. अशा गावांच्या वन्यजीव सांभाळणाऱ्या संस्थांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. १९९८मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या, आता त्या ऐंशीच्या वर आहेत. शिकारीतून येणारा पैसा आणि मांस या गावांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. आपल्यासारख्या दाट वस्तीच्या देशात हे चालेल असं मला वाटत नाही. पण तिथे, मैलोन्मैल माणूस नसलेल्या त्या कोरड्या मुलखात, ते चालताना दिसतं.

दुपारी फार्मवर पोचताच जेवणाआधी नेमाची चाचणी झाली. दादाला मालकाची बंदूक मिळाली. प्रवासात बंदुकीवरच्या दुर्बिणीचा नेम हलतो, त्यामुळे स्वतःची बंदूक असली तरी ही चाचणी होतेच. दादाच्या पहिल्या गोळ्या तिवईवरून, शंभर मीटरवर, तळहाताएवढ्या जागेत पडल्या. ट्रॅकर बाजूला उभा राहून टार्गेटकडे कमी आणि दादाच्या हातांकडे जास्त बघत होता.

काट्यांतला पहिला दिवस

पहाटे अंधारातच निघालो. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. फळीवर बसल्यावर वारा असा लागला की डोळ्यांतून पाणी आलं. हातमोज्यांचे पैसे पहिल्या पाच मिनिटांत वसूल झाले.

ट्रॅकर दामारा समाजातला, पन्नाशीपुढचा. मालकाशी आफ्रिकान्समध्ये बोलायचा, दुसऱ्या कामगाराशी टाळूवर जीभ वाजवत आपल्या भाषेत, आणि आमच्याशी हातांनी. त्याच्याजवळ राखेने भरलेला एक जुना मोजा होता. दर काही पावलांनी तो मोजा झटकायचा आणि राख कुठे उडते ते बघायचा. वारा आपल्याकडून जनावराकडे जात असेल तर तिथून मागे फिरायचं, कितीही चाललेलो असलो तरी.

एका ठिकाणी तो उकिडवा बसला आणि मला जवळ बोलावलं. वाळूत गेम्सबॉकच्या खुराचा बदामी ठसा होता, कडा अगदी धारदार. मला ताजा वाटला. त्याने गवताच्या काडीने ठशाच्या आतली एक बारीक नक्षी दाखवली. रात्री फिरणारा एखादा किडा त्यावरून चालत गेला होता. म्हणजे ठसा रात्रीचा. तो उठला, शंभर-दीडशे पावलांवर दुसरा ठसा दाखवला, नक्षी नसलेला, आणि पहिल्यांदाच हसला.

या रानात एक झाड सारखं कपड्याला धरतं. इंग्रजीत त्याला बफेलो थॉर्न म्हणतात. जवळून बघितलं तर ओळख पटली, ही तर बोरीची जात! तसेच जोडीचे काटे, एक सरळ आणि एक मागे वळलेला. पुढे जावं तर वाकडा रुततो, मागे यावं तर सरळ. गुमान थांबायचं आणि एकेक काटा बोटांनी सोडवायचा. माझी खादीची जाड पँट टिकली. दादाची पातळ कापडाची महागडी 'सफारी' पँट त्याच दिवशी गुडघ्याशी फाटली.

उन्हं वर आल्यावर कुडू दिसला. दिसला म्हणजे, ट्रॅकरने बोट केल्यावरही मला बराच वेळ नुसती करडी झुडपं दिसत होती. मग त्यातल्या एका झुडपाने कान हलवला. शिंगांचे पूर्ण पीळ झालेला, मानेवर झुबकेदार केस असलेला म्हातारा नर. तिवई उभी राहिली, दादाने बंदूक टेकवली, श्वास सोडला. मी त्याच्या मागे दोन हातांवर होते. ट्रिगरजवळचं बोट सरळच होतं, वाकत नव्हतं. नराच्या बरोबर मागे एक मादी उभी होती, गोळी आरपार गेली असती तर तिला लागली असती. मालक कुजबुजला, "थांब." दादा थांबला. मादी हलली नाही. वारा फिरला, आणि एवढं मोठं जनावर काट्यांतून आवाज न करता नाहीसं झालं.

दादाने बंदूक उतरवली तेव्हा ट्रॅकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला या सफरीत दादाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो तिथे.

आणखी एक, खाण्याबद्दल. चिवडा, भडंग गाडीत ठेवा, चालताना खिशात खजूर किंवा मऊ चिक्की. कुरकुरीत काहीही नको. बायकांनी टिश्यू, सॅनिटायझर आणि कचऱ्याची छोटी पिशवी कंबरेच्या पाऊचमध्ये ठेवावी. आडोसा भरपूर मिळतो, पण आधी ट्रॅकरला खूण करून जागा बघून घ्यायला सांगावी.

बंदूक आली

निरोप आला तसा दादा आणि मालक पहाटेच विंडहुकला गेले. जाऊन-येऊन अख्खा दिवस. मी फार्मवर राहिले. समोर वॉटरबर्गचं तांबडं पठार सकाळी गुलाबी आणि दुपारी विटेसारखं दिसत होतं. त्याच्या पायथ्याशी ऑगस्ट १९०४मध्ये तेव्हाच्या जर्मन राज्यकर्त्यांच्या सैन्याने इथल्या हेरेरो लोकांना घेरलं आणि पूर्वेच्या वाळवंटात हाकललं. तिथे हजारोंनी पाण्याविना जीव सोडला. त्या जमिनींवर नंतर गोऱ्यांची शेतं झाली. मालकाने हे मला आदल्या रात्री स्वतःहून सांगितलं होतं, नजर न चोरता. आम्ही जिथे शिकारीला फिरत होतो त्या जमिनीचा हा इतिहास माहीत असायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं.

स्वयंपाकघरात उत्तरेकडच्या ओवाम्बो समाजातल्या बाई होत्या. मी त्यांना 'मेमे' म्हणू लागले, तिकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. त्या महांगूच्या पिठाची उकड करत होत्या. पीठ चिमटीत घेऊन बघितलं, वास घेतला, बाजरीच! मी विचारून परातभर पीठ घेतलं, कढत पाण्यात मळलं आणि बिडाच्या तव्यावर भाकरी थापून टाकली. ती फुगल्यावर मेमेंनी हातातली पळी खाली ठेवली. मग त्यांनी गेम्सबॉकच्या मटणाचा रस्सा वाढला, मी भाकरी मोडून दिली, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहूनच जेवलो. संध्याकाळी कामगारांच्या घरून आणखी भाकरीची मागणी आली.

गेम्सबॉक

दुसऱ्या दिवशी माग ताजा होता आणि वारा आमच्या तोंडावर. बराच वेळ ओणवं चालल्यावर एका उघड्या जागेच्या पलीकडे तो एकटा उभा दिसला. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा चेहरा, सरळ भाल्यासारखी शिंगं. एका शिंगाचं टोक झिजलेलं, म्हणजे वय झालेला. तिवई. या वेळी मागे कुणी नव्हतं.

मी कानात बोळे घातले होते, तरी आवाज छातीत लागला. जनावर उसळलं, धावलं आणि झुडपांआड गेलं. लगेच मागे जायचं नसतं. आम्ही थांबलो. मग ट्रॅकर गोळी लागली त्या जागी गेला आणि रक्ताचा थेंब बोटावर घेऊन दाखवला. लालभडक आणि फेसाळ, म्हणजे फुप्फुसातलं. गेम्सबॉक थोड्याच अंतरावर पडलेला होता. पडलेल्या गेम्सबॉकजवळ कधीही समोरून जात नाहीत, शिंगाच्या एका फटक्यात माणूस जातो. ट्रॅकर मागून गेला, लांब काठीने त्याच्या उघड्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. दादाही बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसला होता. मालकाने जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडून त्या जनावराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी दादाच्या टोपीत खोचली. ही त्यांच्या घराण्याची जर्मन रीत. मग टोप्या काढून सगळे काही क्षण उभे राहिले.

पुढचं सगळं काम भराभर झालं. शेडमध्ये कातडी सोलून मिठात घातली, आतडी आणि कोथळा धुऊन कामगारांच्या घरी गेला, पाय सुपासाठी, मांसाचा मोठा भाग शीतगृहात आणि तिथून गावातल्या खाटकाकडे, मांडीच्या पट्ट्या मसाला लावून बिलटाँगसाठी, म्हणजे सुकवलेल्या मांसासाठी, टांगल्या. फेकलं गेलेलं असं मला काही दिसलं नाही. हे तुम्हाला बघवणार नसेल तर ऑब्झर्व्हर म्हणून जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. दुसऱ्या कॅमेरा सफारी पुष्कळ आहेत, एतोशा राष्ट्रीय उद्यान तिथून काही तासांवर आहे.

पैशांबद्दल एक गोष्ट आधीच माहीत हवी. जनावर जखमी होऊन सापडलं नाही, तरी त्याची पूर्ण रक्कम द्यावी लागते. मला हा नियम फार योग्य वाटतो. बक्षिसी पाकिटांत वेगवेगळी घालून न्या, ट्रॅकरला, सोलणाऱ्याला आणि स्वयंपाकघरात स्वतंत्र. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे एकाच किमतीने चालतात.

परतीची वाट

कुडू पुन्हा दोनदा दिसला, एकदाही सोपा नव्हता, आणि दादाने एकदाही गोळी झाडली नाही. त्याचे पैसे वाचले एवढंच तो म्हणाला, पण रात्री शेकोटीपाशी बसून त्याने पुढच्या वर्षाच्या तारखा मालकाच्या वहीत लिहून ठेवल्या.

विंडहुकला अर्धा दिवस मोकळा होता, म्हणून तिथल्या कटुटुरा वस्तीच्या बाजारात गेलो. तिथे निखाऱ्यांवर गोमांसाचे तुकडे भाजतात, त्याला कपाना म्हणतात. विकणारा वर्तमानपत्रावर तिखटमीठ ओततो, आपण एकेक तुकडा त्यात बुडवून उभ्याने खायचा. बरोबर टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. मी गोमांस खात नाही, त्यामुळे कोशिंबीर आणि तेलात तळलेल्या पावावर भागवलं. दादाने दोन वाटे संपवले.

गेम्सबॉकची शिंगं टॅक्सिडर्मीवाल्याकडे, म्हणजे ती टिकवून ठेवण्यासाठी तयार करणाऱ्याकडे, गेली आहेत. कागदपत्रं आणि स्वच्छतेची प्रक्रिया होऊन ती टेक्ससला पोचायला बरेच महिने लागतात, त्यामुळे परतताना बॅग रिकामी ठेवायची गरज नाही. जाणार असाल तर जून ते ऑगस्ट निवडा. शिकारीचा हंगाम फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, पण मार्च-एप्रिलमध्ये गवत छातीएवढं असतं, साप जागे असतात आणि पाणी सगळीकडे असल्याने जनावरं विखुरलेली असतात. ऑक्टोबरमध्ये उन्हाने जीव नकोसा होतो. जून-जुलैच्या जागा वर्षभर आधी भरतात, तेव्हा दिवाळीपर्यंत वाट बघत बसू नका.